तुम्ही विचारलंत म्हणून: सिनेमातला शार्क किती खरा?

“मॅडम, सिनेमात दाखवतात तसा शार्क खरंच असतो का?”

ठाण्यात, नौपाड्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी येतो आणि तो कधी येणार हेही मला आता पाठ झालंय. प्राणिसृष्टीच्या धड्यात कास्थिमत्स्यांचा, म्हणजे हाडांऐवजी लवचीक कूर्चेचा सांगाडा असलेल्या माशांचा परिच्छेद आहे. त्यात स्कॉलिओडॉन, प्रिस्टिस, कार्कॅरोडॉन, ट्रायगॉन अशी नावं एका दमात घोकायची असतात. कार्कॅरोडॉन म्हणजे ग्रेट व्हाइट शार्क हे कळलं, की मागच्या बाकावरून हात वर होतो. वर्गाबाहेरही सुटका नाही. सोसायटीत कोणाच्या घरी शनिवारी रात्री ओटीटीवर शार्कचा सिनेमा झाला, की रविवारी सकाळी लिफ्टमध्ये माझी तोंडी परीक्षा ठरलेली.

थोडक्यात उत्तर असं: ज्या प्रसंगाला लोक “काहीही हां!” म्हणून हसतात, तो बरेचदा खरा निघतो. जिथे कोणी हसत नाही, सगळे पाय सोफ्यावर घेऊन बसतात, तिथे थापा असतात.

सुरुवात अर्थातच १९७५ च्या ‘जॉज’पासून. त्यातला शार्क पंचवीस फुटी. खात्रीने मोजलेले सगळ्यात मोठे ग्रेट व्हाइट वीस फुटांच्या आसपास भरतात, म्हणजे इथे पाच फूट पदरचे घातलेत. चालायचंच. चित्रीकरणासाठी केलेला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा, म्हणून दिग्दर्शक स्टीव्हन स्पिलबर्गने शार्क न दाखवताच घाबरवलं, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मला दुसरी गोष्ट जास्त आवडते. खऱ्या शार्कची दृश्यं हवी होती म्हणून रॉन आणि व्हॅलरी टेलर या ऑस्ट्रेलियन जोडप्याने दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात चित्रण केलं. तिथले शार्क खरे, पण पटकथेच्या मानाने लहान. मग पिंजराच लहान बनवला आणि आत ठेंगणा माणूस बसवायचं ठरवलं, म्हणजे बाहेरचा शार्क आपोआप थोराड दिसेल. पुढे एकदा पिंजऱ्यात कोणी नसताना एक शार्क पिंजऱ्याच्या दोरांत अडकला आणि त्याने असं काही थैमान घातलं, की ते चित्रण कोणालाच टाकवेना. पण पिंजरा तर रिकामा! म्हणून कादंबरीत मरणारा तरुण शास्त्रज्ञ सिनेमात पिंजऱ्यातून निसटून तळाशी दडी मारतो आणि वाचतो.

ते दृश्य पुन्हा कधी लागलं तर नीट बघा. तो हल्ला वाटतो. प्रत्यक्षात तो शार्क स्वतःची मान सोडवायला धडपडतोय.

त्याच सिनेमात एका टायगर शार्कचं पोट फाडतात आणि आतून मोटारीची नंबर प्लेट निघते. इथे आमच्या वर्गात हमखास हशा पिकतो. पण टायगर शार्क खरंच वाटेल ते गिळतो. कासवं, समुद्री साप, पक्षी, डबे, टायरचे तुकडे, आणि हो, नंबर प्लेटसुद्धा. डोळ्यांचंही तसंच. म्हातारा शिकारी सांगतो की चावताना शार्कचे डोळे पांढरे होतात. ही माहिती अगदी बरोबर आहे. काही शार्कना डोळ्यावर ओढून घ्यायला तिसरी पापणी असते. ग्रेट व्हाइटला ती नाही, म्हणून भक्ष्याची नखं-दात लागू नयेत यासाठी तो बुबुळच मागे फिरवतो.

मात्र त्याच भाषणात, जिथे सगळे स्तब्ध होऊन ऐकतात, तिथे गडबड आहे. ‘इंडियानापोलिस’ ही युद्धनौका बुडाली त्याची तारीख म्हातारा २९ जून १९४५ सांगतो. ती बुडाली ३० जुलैला. तारीख राहू द्या. त्या नौकेवर ११९५ माणसं होती आणि ३१६ वाचली. मधल्या सगळ्यांना शार्कने खाल्लं असं ऐकणाऱ्याला वाटतं. शार्क होते आणि त्यांनी माणसं खाल्ली हे खरंच. पण पाण्यात पडलेल्यांपैकी बहुतेक जण गेले ते जखमांनी, उन्हाने, तहानेने आणि तहान सोसेना म्हणून खारं पाणी प्यायल्याने.

आता मुख्य खोट. शरीराच्या बाबतीत सिनेमावाले थोडंफार इकडेतिकडे करतात, पण स्वभावाच्या बाबतीत ते शार्कला सरळ आपल्या टीव्ही मालिकांमधली सासू करून टाकतात. एकाच कुटुंबाच्या मागे लागणारा, बोट ओळखणारा, डूख धरणारा. १९८७ साली आलेल्या ‘जॉज’च्या चौथ्या भागात तर शार्क एका कुटुंबाचा सूड घ्यायला अमेरिकेच्या किनाऱ्यावरून थेट बहामाला जातो आणि वर डरकाळी फोडतो. शार्कला स्वरयंत्र नाही, डरकाळी कुठून फुटणार? हां, २०२५ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी एका लहान जातीच्या शार्कला हातात धरल्यावर तो टकटक असा आवाज काढतो हे नोंदवलं. बहुधा दात आपटून. त्याला डरकाळी म्हणायचं तर माझ्या मिक्सरलाही सिंह म्हणावं लागेल.

खरा ग्रेट व्हाइट माणसाला बहुतेक वेळा एकदा चावतो आणि सोडून जातो. तो एक चावाही जीव घेऊ शकतो, कारण रक्त फार जातं. पण दिवसचे दिवस पाठलाग करून एकेकाला टिपणं हा त्याचा धंदा नव्हे. त्याला हवी असते सीलसारखी चरबीदार शिकार. सीलवर तो खालून, अंधारातून येतो. पाठीचा पर पाण्याबाहेर काढून, “आलो रे” अशी वर्दी देत येणाऱ्या शिकाऱ्याला उपास घडेल. जगभरात कोणी न छेडता शार्क माणसाला चावल्याच्या घटना २०२३ मध्ये ६९ नोंदल्या गेल्या, २०२४ मध्ये ४७. सगळ्या जगाचे सगळे समुद्र मिळून.

आणि ते रक्ताच्या थेंबाचं. मैलभरावरून एक थेंब ओळखतो म्हणे. नाक तिखट आहे, वाद नाही. पण वास पाण्यातून प्रवाहाबरोबर वाहत यावा लागतो. प्रवाह उलटा असेल तर पन्नास मीटरवरचाही पत्ता लागणार नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शार्क आणि पाकटांच्या पाच जातींची नाकं तपासली, तर ती इतर माशांच्या नाकांइतकीच तीक्ष्ण निघाली. शार्कची खरी करामत वेगळीच आहे आणि तिला सिनेमात कोणी विचारत नाही. त्याच्या तोंडावर जेलीने भरलेली बारीक छिद्रं असतात. भक्ष्याच्या स्नायूंतून निघणारी अतिशय क्षीण वीज त्यांना कळते. वाळूत गाडून घेतलेला, न हलणारा मासा शार्क अंधारात त्यामुळे शोधतो. भीती घालायला ही माहिती पुरेशी आहे असं मला तरी वाटतं.

१९९९ च्या ‘डीप ब्लू सी’बद्दल फार लिहीत नाही. मेंदू वाढवलेले माको शार्क त्यात उलटे, म्हणजे मागच्या दिशेने पोहतात, आणि त्यातलीच पात्रं म्हणतात की शार्कला उलटं पोहता येत नाही. बरोबर म्हणतात. शार्कचे छातीचे पर ताठ असतात, वल्ह्यासारखे मागे मारता येत नाहीत.

सध्या सगळ्यात जास्त विचारतात ते २०२४ च्या ‘अंडर पॅरिस’बद्दल. पॅरिसच्या सीन नदीत माको शार्क शिरतो आणि नराशिवाय पिल्लं घालतो. “मॅडम, नदीत शार्क?” आणि त्यापाठोपाठ, जरा लाजत, “नराशिवाय?”

याचं अर्धं उत्तर मासळी बाजारात मिळतं. चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला मासळी घेताना टोपलीत दीड-दोन फुटांची, टोकदार चपट्या नाकाची मोरी बघितली असेल. तीच तुमची स्कॉलिओडॉन. मी सकाळी आणते आणि संध्याकाळी वर्गात तिचं वर्गीकरण शिकवते. घरी आणली की आधी उकळतं पाणी ओतून कातडी खरवडायची. त्याआधी एकदा शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवून बघा, पॉलिश पेपर वाटेल. ते खवले रचनेने बारीक दातच असतात. आता वासाकडे या. ताज्या मोरीला फारसा वास नसतो, पण थोडी शिळी झाली की अमोनियाचा भपकारा येतो. म्हणून तर आमची मासळीवाली मावशी मी मोरी उचलून नाकाला लावली की रागावते, “वास काय घेतं, माझ्यावर भरोसा नाय?”

तो भपकारा युरियाचा. समुद्राचं खारं पाणी अंगातलं पाणी शोषून घेतं. तसं होऊ नये म्हणून शार्क रक्तात आणि मांसात युरिया साठवून ठेवतो. जिवंत असेपर्यंत ही त्याची ढाल. मेल्यावर जीवाणू त्याचा अमोनिया करतात. आता असा युरियाने भरलेला माको गोड्या नदीत सोडा. पाणी उलट बाहेरून आत घुसू लागेल, क्षार निघून जातील, तो मरेल, आणि सिनेमातल्या पोहण्याच्या स्पर्धेपर्यंत थांबायची गरजच उरणार नाही. म्हणजे माकोला सीनमध्ये घालणं ही थाप. पण ‘नदीत शार्क’ ही थाप नाही. बुल शार्क नदीत शिरला की अंगातला युरिया कमी करतो आणि भरपूर पातळ लघवी करून आत आलेलं पाणी बाहेर टाकतो. त्याला हे जमतं, माकोला नाही.

१९१६ च्या जुलैत अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर शार्कने बारा दिवसांत चौघांचा जीव घेतला. त्यातले दोघे समुद्रात नव्हते. ते मॅटावान नावाच्या भरतीच्या पाण्याच्या खाडीत होते. आणि इतक्या लांब कशाला जायचं? २०२४ च्या फेब्रुवारीत मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मासेमारी करणाऱ्या एका तरुणाच्या पायाचा शार्कने लचका तोडला. २०१४ पर्यंत तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता. त्या आठवड्यात मला आलेले फोन सांगत नाही. कोणाला ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो बघायला बोटीने जावं की नाही असा प्रश्न पडला होता. जावं. बोटीतून पाण्यात उतरू नये, पण ते चिखलासाठी.

आणि नराशिवाय पिल्लं? इथे माझा वर्ग सगळ्यात मोठ्याने हसतो आणि इथेच तो चुकतो. अमेरिकेत ओमाहाच्या प्राणिसंग्रहालयात २००१ साली हातोडीच्या डोक्याच्या एका लहान जातीच्या मादीला पिल्लू झालं. टाकीत नर नव्हता. २००७ मध्ये डीएनए तपासून सिद्ध झालं की त्या पिल्लाला बाप नाहीच. नंतर इतर जातींतही हे आढळलं. सिनेमाने त्यावर चढवलेला मजला मात्र कच्चा आहे. त्यातली पिल्लंच गरोदर होतात, आणि खऱ्या माकोची मादी वयात यायलाच दीड-दोन दशकं घेते.

‘द मेग’ या सिनेमाचं एका परिच्छेदात उरकते. मेगॅलोडॉन हा अवाढव्य शार्क खरंच होता, साधारण ३६ लाख वर्षांपूर्वी संपला. सिनेमात तो मरियाना गर्तेत, समुद्राच्या तळाशी एका थंड थराच्या खाली लपून राहिलेला दाखवलाय. शार्क ३००० मीटरच्या खाली जवळजवळ सापडतच नाहीत, आणि हा तर उबदार पाण्यातला, देवमाशांवर जगणारा प्राणी. तिथे खाणार काय? उलट ज्या पंचाहत्तर फुटी आकाराला सगळे हसले होते, तो आता फारसा हास्यास्पद राहिलेला नाही. सांगाडा कूर्चेचा, त्यामुळे जीवाश्म म्हणून उरतात मुख्यतः दात आणि थोडे मणके. त्यांवरून अंदाज बांधायचा. २०२५ च्या एका अभ्यासाने तो अंदाज २४ मीटरपर्यंत नेलाय. म्हणजे ऐंशी फूट.

“एवढा काय फरक पडतो, सिनेमाच तर आहे,” असंही म्हणतात. पंचवीस फुटांच्या शार्कने फरक पडत नाही. डूख धरणाऱ्या शार्कने पडतो. ‘जॉज’नंतर अमेरिकेत शार्क मारून त्याच्याशेजारी फोटो काढण्याची हौस बोकाळली. मूळ कादंबरीचा लेखक पीटर बेंचली पुढे आयुष्यभर शार्क वाचवायच्या कामात राहिला. स्पिलबर्गनेही २०२२ मध्ये मुलाखतीत खंत बोलून दाखवली. सगळा दोष सिनेमाच्या माथी मारणं मला पटत नाही. २०१९ या एका वर्षात जगभर मासेमारीत सुमारे ८ कोटी शार्क मेले, ते मुख्यतः जाळ्यांनी आणि गळांनी मारले, तिकिटांनी नव्हे. मीही मोरी खाते. पण वाघाच्या नावाने जशी माणसं गोळा होतात तशी शार्कच्या नावाने होत नाहीत, यात पन्नास वर्षांच्या पार्श्वसंगीताचा वाटा आहेच.

राहिला पालकांचा प्रश्न: “मे महिन्यात तारकर्लीला स्नॉर्कलिंगला जायचंय, त्याआधी मुलांना ‘जॉज’ दाखवू का?” आल्यावर दाखवा. सिनेमा उत्तम आहे, पण मुलं पाण्यात उतरणार नाहीत आणि भरलेले पैसे परत मिळत नाहीत. तिथे गेल्यावर लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघा, आणि किनाऱ्यावरचा माणूस आज पाणी बरं नाही म्हणाला तर हुज्जत घालू नका.