निरोगी माणसांना का विचारायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आजारपणातल्या जगण्याला आकडा लावण्याचं माझं काम कळलं की हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच, आणि विचारणाऱ्याच्या घरात बहुधा दीर्घ आजारपण असतं: "ज्यांनी आजार भोगलेलाच नाही, त्यांना विचारून तुम्ही आजारी माणसाच्या आयुष्याला आकडा लावता. हे बरोबर आहे का?"

आधी आकडा कशासाठी लागतो ते. एक औषध आयुष्य थोडं वाढवतं, दुसरा उपचार आयुष्य तेवढंच ठेवून वेदना घालवतो. पैसा सगळ्यांचा आणि मोजका. दोन्ही एका मापात आणायचे तर आयुष्याच्या वर्षांना जगण्याच्या दर्जाने गुणावं लागतं. पूर्ण निरोगी अवस्था म्हणजे १, मृत्यू म्हणजे ०. रुग्ण ०.६ वरून ०.८ वर आला आणि ५ वर्षं तिथेच राहिला, तर उपचाराने निरोगी आयुष्याचं १ वर्ष दिलं असं धरतात. प्रश्न आहे तो ०.६ कुठून आला हाच.

रुग्णाची अवस्था रुग्णच सांगतो, हे मला सगळ्यात आधी सांगावंसं वाटतं. ईक्यू-५डी या प्रश्नावलीत तो पाच गोष्टींवर खूण करतो: हिंडणं-फिरणं, स्वतःचं स्वतः आवरणं, रोजची कामं, वेदना, चिंता किंवा उदासी. प्रत्येकीच्या पाच पायऱ्या, म्हणून एकूण ३,१२५ अवस्था होतात. त्यातली कुठली किती वाईट, हे मात्र सर्वसामान्य लोकांना विचारतात. निवडक अवस्था मुलाखतींतून आणि उरलेल्या गणिताने.

मुलाखत अशी असते. समोरच्यापुढे दोन आयुष्यं ठेवायची: या अवस्थेत १० वर्षं आणि मग मृत्यू, किंवा पूर्ण निरोगी पण त्याहून कमी वर्षं. वर्षं कमी-जास्त करत जायचं, आणि दोन्हीत काहीच फरक वाटेनासा झाला की थांबायचं. ६ वर्षांवर थांबलं तर ०.६.

काही अवस्था लोकांना मरणापेक्षाही वाईट वाटतात. तेव्हा त्या १० वर्षांच्या आधी निरोगी १० वर्षं जोडून पुन्हा विचारतात आणि उत्तर शून्याच्या खाली, उणे १ पर्यंत जाऊ शकतं. हा भाग घाईने विचारला तर सगळं वाया जातं. म्हणून आधी चाकाच्या खुर्चीतल्या आयुष्याचं सरावाचं उदाहरण घेतात, आणि मुलाखतकाराने ते ३ मिनिटांच्या आत उरकलं असेल तर तपासणीत त्या मुलाखतीवर शंकेची खूण होते. मला ही काटेकोरी फार मोलाची वाटते. मरणाबद्दल परक्या माणसाला विचारायचं, तर त्याला विचार करायला वेळ देणं हे आपलं कर्तव्यच आहे.

आता तुमचा प्रश्न. निरोगी लोक आजाराला रुग्णांपेक्षा जास्त वाईट मानतात, हे जुनंच निरीक्षण आहे. १९७८ साली सॅकेट आणि टॉरन्स या संशोधकांच्या अभ्यासातही डायलिसिसवरच्या रुग्णांनी आपल्या अवस्थेला इतरांपेक्षा वरची किंमत दिली होती. माणूस रुळतो, नवं काही शोधतो, कधी अपेक्षाही कमी करून घेतो. मग रुग्णांचेच आकडे का घेऊ नयेत? कारण रुळलेल्या माणसाने आपल्या अवस्थेला ०.९ दिले, तर त्याला पुन्हा चालतं करणाऱ्या उपचाराचा फायदा कागदावर जेमतेम ०.१ उरतो. त्याच्या जिद्दीची शिक्षा त्यालाच.

पण उलट बाजू मला जास्त छळते. लोकांनी त्याच अवस्थेला ०.५ दिले, तर त्याला जगवणाऱ्या औषधाचं प्रत्येक वर्ष अर्धंच मोजलं जातं. अपंगांच्या संघटना यावरच बोट ठेवत आल्या आहेत, आणि माझ्या मते त्यांचं म्हणणं खरं आहे. अमेरिकेच्या २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने मेडिकेअरला, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याला, कुठल्या उपचाराचे पैसे द्यायचे ते ठरवताना अशा वर्षामागच्या खर्चाची मर्यादा लावायला मनाई केली, त्यामागे हीच धास्ती होती.

तरीही मी लोकांनाच विचारण्याच्या बाजूची आहे. पैसा सगळ्यांचा, आणि यातला कोण उद्या कुठल्या खाटेवर असेल ते कोणालाच ठाऊक नाही. फक्त त्या आकड्याला त्याच्या जागी ठेवावं. सगळ्यात वाईट अवस्थेला ब्रिटनच्या १९९३ च्या पाहणीतून उणे ०.५९४ आले, भारताच्या २०२२ च्या मूल्यसंचात, म्हणजे अशाच आकड्यांच्या तक्त्यात, उणे ०.९२३. पद्धती वेगळ्या, म्हणून हे आकडे शेजारी ठेवून कोण जास्त हळवं ते ठरवता येत नाही. शिवाय दोन्ही सरासऱ्या आहेत. एकाच अवस्थेसाठी कोणी एक दिवसही सोडायला तयार नसतो, कोणी सगळी वर्षं देऊन टाकतो, आणि ती दरी त्या एका आकड्यात दिसत नाही.

त्याच प्रश्नावलीच्या शेवटी ० ते १०० ची उभी पट्टी असते. आज माझी तब्येत कशी आहे, यावर रुग्ण स्वतः तिथे खूण करतो. उपचार मंजूर किंवा नामंजूर करणाऱ्या प्रत्येक अहवालात लोकांच्या आकड्याशेजारी तीही छापावी, असा माझा आग्रह आहे. दोन्हींत मोठं अंतर दिसलं, तर निर्णय देण्याआधी समितीने त्या रुग्णांना बोलावून ऐकावं.