वहीतली साखर

वहीवर विश्वास ठेवायचा तर काकांची साखर माझ्यापेक्षा चांगली होती. उपाशीपोटी ११२, ११८, ११५. जेवणानंतर १३८, १४२, १३६. पट्टीनं आखलेले रकाने, निळ्या शाईत तारीख, काळ्या शाईत आकडा, आणि महिना संपला की खाली सरासरी काढलेली. सगळी नोकरी एसटीत वाहक म्हणून केलेल्या माणसाची वही होती ती. वेबिल आणि रोकड जुळल्याशिवाय डेपोतून पाय न काढणाऱ्याची. प्रयोगशाळेचा कागद मात्र वेगळंच म्हणत होता: एचबीएवनसी ११.४. म्हणजे मागच्या तीन महिन्यांची सरासरी साधारण २८०.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात असंसर्गजन्य आजारांच्या विभागात समुपदेशक आहे. (काकांना विचारूनच हे लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) आमच्याकडे बाजाराच्या दिवशी ओपीडी तुंबते. खेड्यापाड्यांतली माणसं बाजार आणि दवाखाना एका फेरीत उरकतात, त्यामुळे पिशवीत मेथीच्या जुडीखाली केसपेपर दबलेला असतो. आमचे डॉक्टर तरुण आहेत, मनानं चांगले आहेत, आणि अशा दिवशी एका माणसाच्या वाट्याला त्यांची दोन-अडीच मिनिटं येतात. त्यांनी वही चाळली, रिपोर्ट पाहिला, "काका, मशीन तपासून घ्या एकदा," म्हणाले आणि केसपेपरवर लिहिलं, आहार समुपदेशन. हे दोन शब्द आमच्याकडे सगळ्या दुखण्यांवर चालतात. साखर चढली, आहार समुपदेशन. वजन उतरलं, आहार समुपदेशन. बाई रडली, तरी तेच.

माझी खोली म्हणजे भांडाराचा अर्धा भाग. पलीकडे सलाईनचे खोके, अलीकडे एक टेबल, तीन खुर्च्या आणि भाकरी-भाताची रबरी मॉडेलं. ग्लुकोमीटर सोबत आणायला मी सगळ्यांनाच सांगते. काकांनी आणला होता, मूळच्या पाऊचमध्ये, चेन नीट लावून. जुने आकडे मशीनमध्ये तारखेसकट साठलेले असतात. काकांच्या मशीनमधला शेवटचा आकडा पाच महिन्यांपूर्वीचा होता. पट्ट्यांच्या डबीवरची मुदतही कधीच उलटून गेली होती.

'काका, हे सगळं खोटं आहे' असं म्हणायला काही वेळ लागत नाही. पण असं म्हटलेला माणूस परत येत नाही, हेही मी पुष्कळदा पाहिलंय. शिवाय पाच महिने रोज दोनदा पटतील असे आकडे रचायचे, त्यात थोडी चढउतार ठेवायची, सरासरी काढायची, हे काही कमी कष्टाचं नाही. एवढा खटाटोप कुणी गंमत म्हणून करत नाही. म्हणून मी एवढंच विचारलं, "काका, अक्षर फार देखणं आहे तुमचं. लिहायला कधी बसता?"

"पहाटे," ते म्हणाले. "तीनला जाग येते. मग काही केल्या डोळा लागत नाही. काय करायचं पडून? बसतो लिहीत."

साखर वाढली की रात्री लघवीला उठावं लागतं, झोपेचं खोबरं होतं, हे आम्ही रोज ऐकतो. काकांना मी तेही विचारलं. लघवीला एक-दोनदा उठतात, परत झोपतात. तीनची जाग निराळी होती. ती आली की उजाडेपर्यंत छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटतं, म्हणाले.

इथं आमच्या कामातली एक अडचण सांगायला हवी. नैराश्य तपासायला आम्ही नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतो, पीएचक्यू-९ नावाची. मागच्या दोन आठवड्यांत काय काय, किती दिवस वाटलं ते विचारायचं, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त आले की दखल घ्यायची. पण त्यातले थकवा, झोप, भूक हे प्रश्न साखर ३०० असलेल्या कुणालाही विचारा, गुण मिळणारच. त्यामुळे कागदावरच्या बेरजेवर विसंबून चालत नाही. उलटही होतं. खरा खचलेला माणूस समोर बसलेला असतो आणि आपण म्हणतो, साखरेमुळे अशक्तपणा आहे, साखर उतरली की वाटेल बरं. मी म्हणून पहिल्या दोन प्रश्नांपाशी जास्त थांबते: मन उदास असतं का, आणि पूर्वी ज्यात जीव रमायचा त्यात अजून रमतो का.

काकांचा जीव भजनात रमायचा. गावच्या भजनी मंडळात ते पखवाज वाजवत. एकादशीला रात्रभर. आता पखवाज कुठे आहे विचारलं तर म्हणाले, "मंडळाला देऊन टाकला. हात चालत नाही."

हात चांगला चालत होता. वहीतले रकाने सांगत होते तसं.

मग हळूहळू गोष्ट बाहेर आली. काकांना वर्षभरापूर्वी इन्सुलिन सुरू झालं होतं. घरात कुणी म्हणालं, इन्सुलिन लागलं म्हणजे संपलं, पण त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं. सकाळ-संध्याकाळ स्वतः टोचून घ्यायचे, पोटावरची जागा बदलत, सिस्टरनं शिकवलं होतं तसं. एका रविवारी पुतण्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. तिथं नाश्ता असेलच म्हणून सकाळी आठला इंजेक्शन घेऊन, घोटभर चहावर काका निघाले. स्टँडवर गाडी उशिरा लागली. गाडीत चढताना पायरी दिसेना. घाम फुटला, हात थरथरले, जीभ जड झाली. साखर उतरल्याची ही सगळी लक्षणं. पण बघणाऱ्याला ती दारूचीच वाटतात. मागून कुणीतरी ओरडलं, "घेऊ नका ह्याला, सकाळी सकाळीच टाकून आलाय!" लोक हसले. काकांना बोलायचं होतं, शब्द फुटेना. गाडी निघून गेली.

स्टँडबाहेरच्या रसवंतीतल्या पोरानं त्यांना बाकावर बसवलं आणि उसाच्या रसाचा ग्लास तोंडाला लावला. त्याच्या आईला मधुमेह होता, त्यानं ओळखलं. पंधरा-वीस मिनिटांत काका भानावर आले. तोवर ओळखीची किती माणसं बघून गेली असतील, हा हिशेब ते तेव्हापासून करत होते.

"मॅडम, मी स्वतः कितीतरी दारुड्यांना दंडाला धरून खाली उतरवलंय," ते म्हणाले. "माळकरी आहे मी. आणि त्याच स्टँडवर..." पुढचं वाक्य त्यांनी केलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून इन्सुलिन बंद. कारण इन्सुलिन घेतलं की तसं होतं. इन्सुलिन नाही, मग साखर मोजून काय करायची, म्हणून मोजणं बंद. मोजणं बंद, पण काकी रोज वही बघणार, डॉक्टर महिन्याला बघणार आणि ओरडणार, म्हणून आकडे. पुन्हा असं झालं तर, म्हणून बाहेर जाणं बंद. भजन बंद. साखर चढत गेली तसं अंगातलं त्राणही गेलं, आणि त्राण गेलं म्हणून आणखीच घरात. यातलं आधी काय आणि नंतर काय, हे मला तेव्हा काकांना वेगळं करून सांगता आलं नसतं, आताही येणार नाही.

मधुमेहाला वैतागलेला प्रत्येकजण नैराश्यात असतो असं मुळीच नाही. पथ्याचा कंटाळा, सुयांचा कंटाळा, दर सणाला ताटाकडे बघणाऱ्या नातेवाइकांचा कंटाळा, हे वेगळं असतं. ते पुष्कळदा बोलल्यानं, जरा सूट दिल्यानं, घरच्यांना गप्प बसवल्यानं हलकं होतं. काकांचं त्याच्या पुढे गेलं होतं. म्हणून नववा प्रश्न विचारणं भाग होतं. तो विचारताना नवीन समुपदेशक चाचरतात, प्रश्न गिळतात किंवा 'तसं काही नाही ना?' अशी नकाराची वाट करून देतात. सरळ विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. मी विचारलं, "काका, मरून जावं, जिवाचं काही करून घ्यावं, असं मनात येतं का?"

"मरावं असं नाही," ते म्हणाले. "पण सकाळी डोळे उघडले नाहीत तर बरं होईल, असं वाटतं. रोजच वाटतं."

काही ठरवलंय का, यापूर्वी कधी प्रयत्न केला होता का, घरात इन्सुलिनच्या बाटल्या किती पडून आहेत, हे सगळं मी विचारून घेतलं. ठरवलेलं काही नव्हतं, पूर्वीही काही नव्हतं. गुण सतरा. त्यांना सांगितलं की हे मी डॉक्टरांना सांगणार आहे, आणि काकींना आत बोलवायची परवानगी मागितली. वहीचं मात्र सांगू नका, म्हणाले. तिला फार वाईट वाटेल.

काकी बाहेर बाकावर भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आत आल्या, खुर्चीच्या कडेला टेकल्या. काकांचं मन बरं नाही, त्यावर उपचार आहेत, एवढंच मी बोलले. त्या वहीकडे बघत म्हणाल्या, "पट्ट्या मोजल्या हुत्या मी डबीतल्या. पाच म्हैने झालं, एकबी कमी न्हाय."

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. "मग बोलली का नाहीस?"

"तुमी एवढं मन लावून लिवताय. काय बोलायचं?"

आमच्याकडे हे दोन आजार दोन खोल्यांत राहतात. साखर तळमजल्यावर, मन जिल्हा रुग्णालयात. पण चेन्नई, दिल्ली, बेंगळुरू आणि विशाखापट्टणम इथल्या चार मधुमेह दवाखान्यांत हे दोन्ही एकत्र हाताळून बघितलंय. मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेले ४०४ रुग्ण, दोन वर्षं. त्यांतल्या निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर एक प्रशिक्षित समन्वयक मिळाला, स्वतः डॉक्टर नसलेला. तो फोन करायचा, बोलायचा, पाठपुरावा ठेवायचा, आणि त्याच्या रुग्णांवर तज्ज्ञ डॉक्टर वेळोवेळी एकत्र बसून चर्चा करायचे. नैराश्य निम्म्यानं उतरलं आणि जोडीला साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांतलं काहीतरी सुधारलं, असे रुग्ण या गटात ७१.६ टक्के निघाले, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत ५७.४ टक्के. २०२० साली 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. माझ्यासारखीला त्यात विशेष आनंद हा, की फरक पाडणारा माणूस बिनडॉक्टरी होता. हा कागद मी प्रिंट काढून टेबलाच्या खणात ठेवलाय. वरिष्ठांना अधूनमधून दाखवते. ते मान डोलावतात.

त्या दिवशी मी केसपेपर घेऊन रांग मोडून डॉक्टरांकडे गेले. बाहेरच्यांनी दोन शिव्या घातल्या असतील. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, हातातलं काम थांबवलं, काकांना परत बोलावलं. इन्सुलिन कमी मात्रेपासून पुन्हा सुरू केलं, जेवण समोर आल्याशिवाय सुई नाही ही अट घातली. बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉईड तपासायला लावलं, कारण मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ उतरू शकतं आणि त्यानंही माणूस मरगळतो. महिन्यातून एकदा आमच्याकडे येणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांनी पुढे नैराश्यावरची सर्ट्रालीनची गोळी सुरू केली. गुण यायला दोन-चार आठवडे लागतील आणि या गोळीनं क्वचित साखर उतरू शकते, हे काका-काकींना दोघांना बसवून सांगितलं. मधल्या दिवसांसाठी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर काकींनी स्वतःच्या मोबाइलमध्ये भरून घेतला. घरातल्या बाटल्या आणि सुयाही काकींच्या ताब्यात गेल्या, काकांच्या संमतीनं.

मी काकांना आहाराचं काही सांगितलं नाही. चालायलाही सांगितलं नाही. एकच सांगितलं, गुरुवारी भजनाला जाऊन बसायचं. वाजवायचं नाही, गायचं नाही, नुसतं बसायचं, आणि खिशात लिमलेटच्या गोळ्या आणि एक चिठ्ठी ठेवायची: मला मधुमेह आहे, मी अडखळत बोललो तर साखर किंवा गोड काहीतरी द्या. मन उभारी धरेल मग जाऊ, असं काका म्हणत होते. नैराश्यात ही वाट बघत बसलं तर ती उभारी येत नाही. आधी पाय हलवावे लागतात, मन मागून येतं. पहिल्या गुरुवारी ते गेले नाहीत. दुसऱ्या गुरुवारी काकी त्यांच्याबरोबर देवळापर्यंत गेल्या आणि बाहेर पारावर बसून राहिल्या.

साखर आठवड्यातून दोनच दिवस मोजायची असं ठरलं. जो आकडा येईल तो लिहायचा, आणि शेजारी त्या दिवशी काय झालं ते. पुढच्या खेपेला वहीत ३१२ आला. शेजारी लिहिलं होतं, 'मेव्हण्याकडे जेवण. जिलेबी ३. मागून घेतली.' डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मी त्यांना आधीच गाठून सांगून ठेवलं होतं की आज ओरडू नका, हा पाच महिन्यांतला पहिला खरा आकडा आहे. ते ओरडले नाहीत. "जिलेबी कुठली होती?" एवढंच त्यांनी विचारलं. काका हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी ८.९ आलं. पुस्तकाप्रमाणे हे चांगलं नव्हेच. पीएचक्यूचे गुण आठ. पहाटेची जाग अजून कधीतरी येते. मानसोपचारतज्ज्ञांची एक फेरी मधे रद्द झाली, गोळ्या संपत आल्या, तेव्हा काकांना जिल्ह्याला पाठवावं लागलं आणि ते एकटे, एसटीनं गेले.

त्याच सुमारास एका बाजाराच्या दिवशी काका औषधाच्या खिडकीपाशी रांगेत उभे असताना काकी खोलीत आल्या. दार ओढून घेतलं, पिशवी खाली ठेवली.

"मॅडम, ते नऊ प्रश्न," त्या म्हणाल्या, "मलाबी इचारा की एकदा."

मी विचारले. एकोणीस गुण आले, काकांचे सुरुवातीला होते त्यापेक्षाही जास्त. काकींना मधुमेह नाही, रक्तदाब नाही, त्यामुळे आमच्या रजिस्टरात त्यांचं नाव कुठंच नव्हतं. नवा केसपेपर काढायला त्यांना खिडकीवर पाठवलं आणि डॉक्टरांकडे गेले, पुन्हा रांग मोडून.