एका व्होल्टाच्या गदारोळात दहा मायक्रोव्होल्ट

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी माझ्या टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या टबाला पार्किन्सन झाल्याचे निदान मी जवळजवळ करून टाकले होते. टबात मेडिकलच्या दुकानातून आणलेले ०.९ टक्क्यांचे सलाइन होते, त्यात मी घरीच बनवलेला चार कड्यांचा इलेक्ट्रोड उभा होता आणि लॅपटॉपवरच्या आलेखात २० हर्ट्झपाशी एक टोकदार उंचवटा दिसत होता. तो दिसायलाच हवा होता, कारण २० हर्ट्झचा, सुमारे १० मायक्रोव्होल्टचा चाचणी-संकेत मीच त्या पाण्यात सोडला होता. समाधानाने चहा टाकला, परत येऊन खात्रीसाठी चाचणी-संकेताची वायर काढली, तरी उंचवटा जागचा हलला नाही.

मुळात हा खटाटोप कशासाठी, ते आधी सांगायला हवे. पार्किन्सनच्या कंपावर मेंदूच्या खोल भागात इलेक्ट्रोड ठेवून सतत विद्युत स्पंद देण्याची आजची पद्धत फ्रान्समधील ग्रनोबल येथे १९८७ साली आलीम-लुई बेनाबीद आणि पिएर पोलाक यांच्या कामातून रुजली. डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजेच डीबीएस, या नावाने ती ओळखली जाते. नेहमीच्या वापरात सुमारे ३ व्होल्टचे, ६० मायक्रोसेकंदांचे स्पंद सेकंदाला १३० वेळा दिले जातात. मेंदूतल्या ज्या खोल, छोट्या पेशीपुंजक्यात, म्हणजे सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये, हे स्पंद जातात, तिथलीच चेतापेशींची सामूहिक कुजबुज ऐकली, तर १३ ते ३० हर्ट्झच्या बीटा पट्ट्यात रुग्णाच्या ताठरपणाशी नाते सांगणारा एक संकेत सापडतो. औषध घेतले की तो ओसरतो, स्पंद दिले तरीही ओसरतो. तो संकेत मोजून त्याप्रमाणे स्पंद कमी-जास्त करता आले तर उपकरणाला दिवसभर एकाच जोराने चालत राहावे लागणार नाही. २०१३ साली इंग्लंडमधील गटाने ८ रुग्णांवर हे करून दाखवले, तेव्हा स्पंद देण्याचा एकूण वेळ ५६ टक्क्यांनी घटूनही रुग्णांच्या हालचाली सतत दिलेल्या स्पंदांपेक्षा अधिक सुधारल्या होत्या.

अडचण अशी की ऐकायचे त्याच वेळी, जिथे ढोल वाजतो आहे त्याच खोलीत. प्रचलित इलेक्ट्रोड १.२७ मिलिमीटर जाडीचा असतो, त्यावरची प्रत्येक कडी १.५ मिलिमीटर लांब असते आणि दोन कड्यांमधले अंतर काही वेळा अवघे अर्धा मिलिमीटर असते. माझा इलेक्ट्रोड त्यापेक्षा बराच जाडजूड आहे, तरीही मधल्या कडीवर ३ व्होल्टचा स्पंद दिला की शेजारच्या कड्यांवर साधारण १ व्होल्ट उमटतो, आणि त्याच कड्यांवर मला काही मायक्रोव्होल्ट वाचायचे असतात. हे प्रमाण लाखाच्या घरातले आहे. यावरची जुनी युक्ती सममितीची आहे: स्पंद १ क्रमांकाच्या कडीवर द्यायचा आणि तिच्या खालच्या व वरच्या, म्हणजे ० आणि २ क्रमांकाच्या कड्यांमधला फरक वाचायचा. दोन्हींवर स्पंद सारखाच पोचला तर वजाबाकीत तो नाहीसा होईल आणि मेंदूचा संकेत, जो दोन्हीकडे वेगळा आहे, तो उरेल. कागदावर हे इतके सोपे दिसते की माझा पहिला बोर्ड मी दोन संध्याकाळींत जोडून टाकला.

त्या बोर्डात एका इन्स्ट्रुमेंटेशन अ‍ॅम्प्लिफायरला (दोन वायरींतला फरक मोठा करणाऱ्या चिपला) पहिल्याच पायरीवर १००० पट वर्धन दिले होते. ही चूक विद्यार्थी करतात असे मी इतरांना सांगत आलो आहे, तरीही मी ती केली. धातू आणि मीठपाणी यांच्या सीमेवर आपोआपच एक स्थिर विद्युतदाब तयार होतो आणि दोन कड्यांवरचे हे दाब कधीच तंतोतंत सारखे नसतात. माझ्या कड्यांत सुमारे ३० मिलिव्होल्टचा फरक होता. त्याची हजारपट म्हणजे ३० व्होल्ट, आणि माझ्याकडे पुरवठा होता अधिक-उणे ५ व्होल्टचा. एकही स्पंद देण्याआधीच अ‍ॅम्प्लिफायर छताला डोके लावून बसला होता. पहिल्या पायरीचे वर्धन १० वर आणले, तिच्यानंतर अर्ध्या हर्ट्झचा हाय-पास, म्हणजे त्याखालचे स्थिर व संथ बदल अडवणारी गाळणी, लावला आणि उरलेले वर्धन त्यानंतर टाकले, तेव्हा तो खाली आला. मात्र अर्ध्या हर्ट्झच्या हाय-पासचा कालस्थिरांक, म्हणजे धक्क्यातून सावरायला लागणाऱ्या वेळेचे माप, ०.३२ सेकंद असतो आणि दोन स्पंदांमधले अंतर असते ७.७ मिलिसेकंद. याचा अर्थ असा की एखाद्या स्पंदाने पुढच्या पायरीला मर्यादेपलीकडे ढकलले, तर ती सावरेपर्यंत चाळीसेक स्पंद येऊन आदळलेले असतात आणि ती कधी सावरतच नाही. या कामात अ‍ॅम्प्लिफायर किती पट मोठे करतो यापेक्षा तो कुठल्याही क्षणी मर्यादेला टेकतो की नाही, हेच आधी पाहावे लागते, असे माझे मत त्या दिवशी बनले आणि ते अजून बदललेले नाही.

मग साहजिकच वाटले की स्पंदाला पहिल्या ट्रान्झिस्टरपर्यंत पोचूच देऊ नये. ६० मायक्रोसेकंदांचा स्पंद उंच असला तरी अरुंद असतो, त्यामुळे १ व्होल्टच्या स्पंदमालिकेत १३० हर्ट्झचा मूळ घटक जेमतेम १६ मिलिव्होल्टचा भरतो. बाकीची ऊर्जा वरच्या हार्मोनिकांत, म्हणजे १३० च्या दुप्पट, तिप्पट अशा पटींच्या वारंवारतांत, पसरलेली असते आणि साधा रेझिस्टर-कपॅसिटरचा लो-पास, म्हणजे वरच्या वारंवारता अडवणारी गाळणी, तिचा बराच भाग गिळतो. मी प्रत्येक वायरीत १० किलोओहमचा रेझिस्टर आणि प्रत्येक वायरीवरून ग्राउंडला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला. ऑसिलोस्कोपवर स्पंदाचे टोक सुंदर बोथट झाले, पण फरकाचा संकेत मात्र पूर्वीपेक्षा खराब आला. कारण शोधायला मला दोन दिवस लागले. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेले माझे कपॅसिटर ५ टक्क्यांचे, म्हणजे छापील मूल्यापासून तेवढे इकडेतिकडे असू शकणारे, होते, आणि ही गोष्ट पाकिटावर स्वच्छ छापलेली होती. दोन वायरींतले कपॅसिटर ५ टक्क्यांनी वेगळे असतील, तर १३० हर्ट्झला दोन्हीकडच्या घटीत अडीच टक्क्यांच्या आसपास तफावत पडते. १६ मिलिव्होल्टचे अडीच टक्के म्हणजे ०.४ मिलिव्होल्ट. जो स्पंद वजाबाकीत मरायचा तो मीच जिवंत करून, माझ्या १० मायक्रोव्होल्टच्या चाळीसपट मोठा करून अ‍ॅम्प्लिफायरच्या हाती दिला होता.

यावरचा उपाय जुनाच असून तो रेडिओ-हस्तक्षेप टाळण्यासाठी वापरला जातो: मोठा कपॅसिटर ग्राउंडला न जोडता दोन वायरींच्या मध्ये आडवा जोडायचा. तो दोघींना समान असल्याने स्वतः तफावत निर्माण करू शकत नाही. १०० नॅनोफॅरड आडवा आणि दोन्ही बाजूंना १० किलोओहम घेतले की फरकाच्या संकेतासाठी गाळणीची मर्यादा ८० हर्ट्झवर येते. ग्राउंडकडचे कपॅसिटर मी जवळजवळ काढूनच टाकले. रेझिस्टर वाढवून मर्यादा आणखी खाली ओढण्याचा मोह होतो, पण रेझिस्टरचा स्वतःचा औष्णिक नॉइज असतो. एकूण २० किलोओहमला १०० हर्ट्झच्या पट्ट्यात तो ०.१८ मायक्रोव्होल्ट येतो, जो मी सहन करू शकतो. दहापट रेझिस्टर घेतले तर तो ०.५७ वर जातो आणि मग सौदा परवडत नाही.

सममितीला सुरुंग लावणारी आणखी एक जागा म्हणजे खुद्द कड्या. माझ्या दोन कड्यांच्या अवरोधात २०० ओहमचा फरक आहे. अ‍ॅम्प्लिफायरचा प्रवेश-अवरोध १० मेगाओहम असेल, तर १ व्होल्टच्या समान स्पंदातून तेवढ्यानेच २० मायक्रोव्होल्टचा खोटा फरक तयार होतो. चिपच्या डेटाशीटवर कॉमन मोड, म्हणजे दोन्ही वायरींवर सारखाच येणारा भाग, कितीही डेसिबलने दाबला जाईल असे लिहिलेले असले, तरी हा फरक चिपच्या बाहेरच घडून गेलेला असतो. शिवाय ते आकडे कमी वारंवारतेचे असतात आणि स्पंदाची धार तशी नसते. म्हणून उच्च प्रवेश-अवरोध हवा, आणि स्पंद देणारा भाग व वाचणारा भाग यांचे ग्राउंड वेगळे हवेत. माझे फंक्शन जनरेटर आणि ऑसिलोस्कोप एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर होते तोवर ५० हर्ट्झच्या गुणगुणीपलीकडे काही दिसत नव्हते. अखेर मायक्रोकंट्रोलर आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर स्वतंत्र स्पंदजनक बनवला. टबाच्या बाबतीत ही सोय आहे, माणसाच्या बाबतीत ती सुरक्षेची अट आहे: वैद्यकीय मानकानुसार सर्वांत कडक वर्गातल्या उपकरणातून साधारण स्थितीत रुग्णात १० मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह गळता कामा नये. माझा बोर्ड त्या वाटेला कधीही जाणार नाही, तो टबासाठीच आहे.

आता त्या उंचवट्याकडे वळतो. मेंदूतले संकेत नोंदवणारे २०२० सालचे एक प्रत्यारोपण-उपकरण सेकंदाला २५० नमुने घेते, म्हणून मीही २५० घेत होतो. १३० हर्ट्झच्या स्पंदाचा चौथा हार्मोनिक ५२० हर्ट्झवर येतो, आणि अरुंद स्पंदात तो मूळ घटकाइतकाच दांडगा असतो. ८० हर्ट्झचा एकच रेझिस्टर-कपॅसिटर त्याला साडेसहापट कमी करून सोडून देतो. नमुने अपुरे पडले की वरची वारंवारता खोट्या, खालच्या जागी दिसते: २५० नमुन्यांच्या चाळणीतून ५२० हर्ट्झ दिसतो तो ५२० उणे २५० ची दुप्पट ५००, म्हणजे नेमका २० हर्ट्झवर, बीटा पट्ट्याच्या मधोमध. दुसरा हार्मोनिक १० हर्ट्झवर उतरतो. संशय आल्यावर मी स्पंदांची वारंवारता १३० वरून १३१ केली. उंचवटा २० वरून २४ वर सरकला. एका हर्ट्झच्या बदलाला चार हर्ट्झची उडी, म्हणजे चौथ्या हार्मोनिकने आपले नाव-गाव स्वतःच सांगितले. त्या क्षणी वाटलेली लाज आणि गंमत यांचे प्रमाण निम्मे-निम्मे होते. दुसऱ्या बोर्डावर मी अ‍ॅम्प्लिफायरनंतर चौथ्या श्रेणीचा सक्रिय लो-पास टाकला, नमुने ४००० घेतले आणि आकड्यांची गाळणी नंतर लॅपटॉपवर केली. आता वायर काढली की २० हर्ट्झचा उंचवटा जातो आणि लावली की येतो.

एकेका पेशीचे ठोके ऐकणाऱ्यांना ही गाळण्याची चैन नाही, कारण ते ठोके शेकडो ते हजारो हर्ट्झच्या पट्ट्यात असतात, जिथे स्पंदाचे हार्मोनिक खच्चून भरलेले असतात. त्यांना स्पंदाच्या क्षणी प्रवेश तोडून नंतर झटकन सावरणारे सर्किट लागते. शरीरात बसवण्यासाठी वीजही वाचवावी लागते. अभियंता टिम डेनिसन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मांडलेला चॉपर अ‍ॅम्प्लिफायर २ मायक्रोवॅटमध्ये चालतो आणि त्याचा नॉइज हर्ट्झच्या दर वर्गमुळाला १०० नॅनोव्होल्ट, म्हणजे १०० हर्ट्झच्या पट्ट्यात १ मायक्रोव्होल्ट आहे. माझा बोर्ड त्याच्या हजारो पट वीज खातो.

सलाइनच्या टबाचे महत्त्व मला यातूनच पटले. डिस्किनेशिया (अनैच्छिक हालचाली) असलेल्या काही रुग्णांत उत्तेजनाच्या बरोबर निम्म्या वारंवारतेला मेंदूची लय सापडल्याचे नोंदवले गेले आहे. असा नेमका निम्मा आकडा दिसला की तो सर्किटचाच खेळ असेल या शंकेने सर्किटवाल्या माणसाच्या कपाळावर आठी पडते. तोच इलेक्ट्रोड आणि तोच अ‍ॅम्प्लिफायर पाण्यात ठेवून तिथे १३० चा निम्मा, म्हणजे ६५ हर्ट्झ, येत नाही हे पाहिल्यावरच ती जाते. माझ्या टबात तो येत नाही.

सध्या अडलो आहे ते वेगळ्याच ठिकाणी. संकेत पाहून स्पंदांचा जोर बदलायचा म्हटले की उरलासुरला खोटा अंशही त्याच निर्णयाबरोबर बदलतो, आणि सर्किट स्वतःच्याच आवाजाला उत्तर देऊ लागते. काल रात्री मी स्पंद अर्ध्या सेकंदात १ वरून ३ व्होल्टवर नेले, तेव्हा पाण्यात काहीही सोडलेले नसताना नोंदीची रेषा वर उचलली जाऊन सुमारे एका सेकंदाने खाली बसली. दोष हाय-पासचा आहे की कड्यांवरच्या साचलेल्या प्रभाराचा, हे पाहण्यासाठी आज स्टीलच्या कड्यांच्या जागी क्लोराइड चढवलेल्या चांदीच्या तारेच्या कड्या बसवल्या आहेत, आणि टब पुन्हा भरला आहे.