कुलाबा किल्ल्यात अडकलेली आम्ही चौघं: भरती-ओहोटीचा हिशेब आणि जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर मी आजवर सहा-सात वेळा गेले असेन. इथे लिहितेय ते पहिल्या खेपेबद्दल. तेव्हा बरोबर मोठं कुणीच नव्हतं. मी 13 वर्षांची, दोन मामेभाऊ 11 आणि 9 वर्षांचे आणि माझी सख्खी बहीण 7 वर्षांची. मे महिन्याची सुट्टी होती आणि आम्ही मामाकडे राहायला आलो होतो. मोठी माणसं सकाळीच एका लग्नाला गेली होती. "किनाऱ्यावरच खेळा" असं मामी बजावून गेली होती आणि मी मान डोलावली होती.

साडेआठला किनाऱ्यावर पोहोचलो, तर समुद्र पार मागे हटलेला. किल्ल्यापर्यंत ओली, घट्ट वाळू. घोडागाड्या ये-जा करत होत्या, माणसं चपला हातात घेऊन चालत होती. मोठा मामेभाऊ म्हणाला, "ताई, जाऊन येऊ या ना, सगळेच चाललेत." लहानग्या बहिणीचा हात धरून मी निघाले. पंचवीस मिनिटांत महादरवाजात.

आत गेल्यावर वेळेचं भान राहिलं नाही, आणि किल्ला आहेच तसा. या किल्ल्याचं बांधकाम शिवाजी महाराजांनी 1680 साली सुरू करायला लावलं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. पुढे तो कान्होजी आंग्र्यांकडे आला आणि मराठी आरमाराचं मोठं ठाणं बनला. 1759 साली राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं गणपतीचं मंदिर आहे, शेजारी पुष्करणी आहे. उत्तरेच्या तटावर गाड्यांवर चढवलेल्या दोन तोफा आहेत. धाकट्या मामेभावाला त्या तोफांपासून ओढून काढावं लागलं. तटाचे प्रचंड दगड चुना न भरता नुसते एकावर एक रचलेले आहेत, फटींतून लाटेचं पाणी आत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. त्या फटींत हात घालून बघण्यात आमचा अर्धा तास गेला असेल.

दरवाजातून बाहेर आलो तेव्हा अकरा वाजायला आले होते. पायाखालचे खडक कोरडे होते, त्याच्या पुढची वाळूही बरीचशी दिसत होती. फक्त मधे पाण्याचा एक चकचकीत पट्टा होता. मला तो घोट्याएवढा वाटला. तिथवर पोहोचलो तर गुडघाभर, चार पावलांवर माझ्या कमरेपर्यंत. पाणी समोरून येत नव्हतं, दोन्ही बाजूंनी आडवं ओढत होतं. बहिणीला मी कडेवर घेतलं. धाकटा मामेभाऊ घसरला, खडकावरच्या कालवांनी त्याचा गुडघा फाटला आणि तो रडायला लागला. "ताई, पाणी वाढतंय गं," मोठा म्हणाला. मला मात्र किनारा जवळ दिसत होता आणि मामी घरी यायच्या आत पोहोचायचं होतं. मी पुढचं पाऊल टाकलं.

तेवढ्यात मागून हाक आली. खडपांवर गळ टाकून बसलेले एक म्हातारे कोळी आजोबा उभे राहून हात हलवत होते. "पोरांनो, मागं फिरा! आधी मागं फिरा!" ते ओरडले नसते तर मी फिरले नसते. हे लिहितानाही पोटात गोळा येतो.

आम्हाला वर घेतल्यावर ते रागावले नाहीत. "आता सांजच्यालाच," एवढंच म्हणाले. जवळून जाणाऱ्या होडीतल्या ओळखीच्या माणसाला त्यांनी ओरडून निरोप दिला. त्यामुळे मामाला दुपारी कळलं की पोरं किल्ल्यात आहेत आणि जिवंत आहेत. त्याआधीचे दोन तास मामी किनाऱ्यावर आमच्या नावाने हाका मारत फिरत होती, हे मला नंतर समजलं. आम्ही देवळाच्या सावलीत बसून राहिलो. संध्याकाळी सातच्या सुमारास, पाणी गुडघ्याखाली उतरल्यावर, मामा बॅटरी घेऊन स्वतः चालत आला. त्याने बहिणीला खांद्यावर घेतलं आणि वाटभर एक शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने पंचांग पुढ्यात ठेवलं आणि हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आम्ही गेलो ती वद्य तृतीया. तीनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे सव्वादोनला पूर्ण भरती. त्याच्या सहा तास आधी, सव्वाआठला, पूर्ण ओहोटी. आम्ही साडेआठला निघालो तेव्हा पाणी फिरलेलंच होतं. पहिल्या तासात ते पूर्ण भरतीच्या जेमतेम बारावा हिस्सा चढतं, म्हणून काही कळत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मी भरती येते, आणि आम्ही परत निघालो ते नेमक्या तिसऱ्या तासात. शिवाय पौर्णिमेनंतरचे दिवस, म्हणजे उधाण.

जाणार असाल तर ओहोटीची वेळ आधी बघा. आता भरती-ओहोटीचे तक्ते मोबाइलवर मिळतात. तिथीचा हिशेब अंदाजापुरता, पाऊणएक तास इकडेतिकडे होतो. ओहोटीच्या दीड तास आधी निघालात तर उत्तम. परतीची वेळ मात्र पूर्ण ओहोटीनंतर एक तासाच्या आतली धरा आणि ती घड्याळावर पाळा. पायाखालची वाळू कोरडी आहे हे बघून ठरवू नका: किल्ल्याजवळचे खडक उंच आहेत, पाणी आधी मधल्या भागात भरतं. कालची वेळ आज चालत नाही, भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आठवड्याने तर सगळं उलटंच होतं, सकाळच्या ओहोटीच्या वेळी भरती असते.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरून येणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. भर दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी हवी असेल तर ती अष्टमीच्या आसपास मिळते, पण ते भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस. पाणी पुरतं हटत नाही, वाट ओलीच राहते. वाळू खरी उघडी पडते ती पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, सकाळी सहा-सातला नाहीतर संध्याकाळी. मी सकाळची निवडते, कारण संध्याकाळी परतताना अंधार गाठतो. पावसाळ्यात चालत जायचा विचारच करू नका.

पायात पट्ट्याची चप्पल किंवा जुने बूट हवेत, कालवं ब्लेडसारखी कापतात. पाणी बरोबर ठेवा. आणि वाट बुडालेली दिसली तर किल्ल्यातच थांबा. सहा-आठ तास जातील, जाऊ द्यात. तटाच्या आत तुम्ही सुरक्षित असता. फोन करून घरी कळवा, म्हणजे किनाऱ्यावर कुणी हाका मारत फिरणार नाही.

ते आजोबा पुढच्या सुट्टीत मी खडपांवर शोधले. भेटले नाहीत.