तुम्ही विचारलंत म्हणून: आईचा व्यायाम रोबो का करून घेतो?

"घरात धडधाकट मुलगा असताना आईच्या व्यायामाला रोबो?" कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर, लग्नकार्यात, मामांच्या फोनवर, सगळीकडे हेच. एकदाचं सांगूनच टाकतो.

मी घेत होतो की करून! खुब्याच्या ऑपरेशननंतर फिजिओथेरपीच्या मॅडमनी शिकवलेलं सगळं मला पाठ होतं. अंबडहून कामावरून आलो की आईला खुर्चीत बसवायचो. "आई, गुडघा सरळ. अजून. अजून थोडा." एका संध्याकाळी तिने पाय खाली टेकवला आणि म्हणाली, "तू मोजायला लागलास की मला धास्ती वाटते रे. कालच्यापेक्षा एक जरी कमी झाला, तरी तुझा चेहरा उतरतो." मी काही बोललो नाही. मग रोज कंबर दुखायला लागली, कधी डोकं. खरं किती, टाळणं किती, मला कळेना. मांडीतला जोर कमी होत गेला. बाथरूमपर्यंत जायला आधार लागू लागला, आणि तो मागायचीसुद्धा ती वहिनीकडे. माझ्या आईला माझी धास्ती वाटावी, हे अजून पचत नाही.

म्हणून रोबो बनवला. टेबलावर मावणारा, दोन हातांचा. हात वर करून दाखवतो. कॅमेऱ्याने तिचा खांदा, कोपर, गुडघा ओळखून कोन काढतो आणि हालचाल पुरी झाली की मगच पुढचा आकडा म्हणतो. "मग मोबाईलवर व्हिडिओ लाव ना!" व्हिडिओ तिच्यासाठी थांबत नाही. आणि साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या फासोला आणि मातारिच यांनी वृद्धांच्या व्यायामासाठी समोरचा रोबो आणि पडद्यावरचा रोबो यांची तुलना केली, तेव्हा वृद्धांची पसंती समोरच्याला मिळाली. २०१३ साली ते छापूनही आलं.

पण पडताना तो तिला धरू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सांगते. तोलाचे व्यायाम बरेचसे उभ्यानेच करायचे. तिथे तिच्या कमरेचा पट्टा धरून मीच असतो. हे मी सहसा बोलत नाही, कारण लगेच ऐकावं लागतं, "बघ, शेवटी माणूसच लागतं."

लागतंच. पूर्वी मीही हेच म्हणायचो, म्हातारपणी घरचाच हात हवा. पण त्याच हाताने ती आखडत असेल तर? रोबोपुढे दुखलं की ती "आई गं" म्हणून मोकळी होते. माझ्यापुढे अजून ओठ घट्ट मिटते. त्यावर मला उपाय सापडलेला नाही, आणि तोवर मोजण्याचं काम मी परत घेणार नाही.