पाच ठिकाणचं देणं आणि 18 हजारांचा महिना

गेल्या वर्षी जूनमध्ये दोन नोटिसा पाठोपाठ आल्या, तेव्हा आमचं देणं पाच ठिकाणी होतं. पतसंस्था, बँकेत गहाण पडलेले सोन्याचे बिलवर (बांगड्या), बायकांच्या गटातलं मायक्रोफायनान्स, टीव्हीसाठी काढलेलं जुनं फायनान्स आणि गल्लीच्या तोंडाचा किराणा. मालक कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर आहेत, काम असेल तेवढीच हजेरी. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. बरा महिना असला तर दोघांचे मिळून 18 हजार. श्रावण ते दिवाळी माझं मशीन थांबत नाही, पुढं लग्नसराई लागेपर्यंत हातावर हात.

कर्ज झालं कसं, ते विचारणारे पुष्कळ भेटले. 2018 ला सासूबाईंच्या ऑपरेशनला पतसंस्थेचे 60 हजार काढले. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी दुधाळीच्या खालच्या अंगाला आमच्या घरात शिरलं, त्यात फ्रीज गेला, शिलाई मशीनची मोटर गेली. ते सावरतंय तोवर 2020 चा लॉकडाऊन. कारखाना बंद, हजेरी बंद. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

ज्याचा फोन जास्त त्याला पाचशे टाकायचे, जो दारात येऊन आवाज चढवेल त्याला हजार, अशी रीत आमच्या आजूबाजूला सगळ्यांचीच आहे. पण दोन नोटिसा हातात असताना ती रीत उपयोगाची नव्हती. एक नोटीस बँकेची, सोनं लिलावात काढण्याची. दुसरी सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयातून, पतसंस्थेनं कलम 101 खाली वसुली दाखला मागितलाय म्हणून सुनावणीला या, अशी. त्याच दिवसांत एक ओळखीचा माणूस सगळी देणी एकदम मिटवायला 10 टक्क्यांनं पैसे देतो म्हणाला. दहा टक्के म्हणजे महिन्याला, वर्षाचे 120 झाले. "परवाना आहे का?" एवढंच मी विचारलं, तो परत आला नाही.

गटातल्या एकीनं सांगितलं म्हणून मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेले. ते कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात आहे. भाऊसिंगजी रोडच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत आता हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतं, रिक्षावाले कधी कधी तिकडंच सोडतात, तेव्हा बसमध्ये चढतानाच बावडा सांगायचं. 1987 च्या कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिथं तिची मिळकत बघत नाहीत. बहुतेक पुरुषांना आपल्या राज्यात वर्षाला 3 लाखांची मर्यादा आहे. म्हणून अर्ज मी माझ्या नावावर केला. पतसंस्थेचं कर्ज मालकांच्या नावावर असलं तरी बाकीचं माझ्या नावावर होतं, आणि वकीलबाईंनी सगळेच कागद बघितले.

त्यांनी रक्कम आधी विचारलीच नाही. प्रत्येक कागद हातात घेऊन एकच विचारायच्या, "हे नाही भरलं तर काय होईल, आणि ते कुणाला भोगावं लागेल?" कोण किती वेळा फोन करतो, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. आमच्या कॅलेंडरच्या मे महिन्याच्या पानामागं मुलीनं पाच नावं लिहिली आणि त्यांच्यासमोर ही उत्तरं. तिथंच क्रम उलटासुलटा झाला. सगळ्यात जास्त फोन टीव्हीवाल्यांचे होते, आणि ते यादीत सगळ्यात खाली गेले.

पतसंस्थेचं उत्तर असं होतं, की भोगावं लागेल ते दिरांना. ते जामीनदार. ते साखर कारखान्यात कायम नोकरीला, म्हणून तर सही चालली होती. मला वाटायचं आधी कर्जदाराला धरतात आणि मग जामीनदाराला. तसं नाही. कायद्यानं दोघांची जबाबदारी सारखीच, आणि वसुली अधिकारी जिथून पैसा लवकर निघेल तिथं जातो. एकदा 101 चा दाखला निघाला की कलम 156 खाली जप्तीपर्यंत जाता येतं, दिवाणी दावा लावत बसावं लागत नाही. दिरांच्या पगारातून कपात सुरू झाली असती, तर जाऊबाईंच्या घरी मी कुठल्या तोंडानं गेले असते? मुद्दल 38 हजार राहिलं होतं, व्याज आणि दंड धरून मागणी 97 हजारांची.

बँकेचं उत्तर सगळ्यात सोपं, आणि आमच्या लक्षात न आलेलं. दोन बिलवर, मिळून दोन तोळे. दरवर्षी व्याज भरून नवं-जुनं करत आलो होतो, त्या वर्षी ते जमलं नाही. देणं 51,300 रुपये. सोन्याचा भाव तोळ्याला लाखाच्या घरात गेलेला. वकीलबाई म्हणाल्या, "लिलाव झाला तर वरचे पैसे तुम्हाला परत मिळायला पाहिजेत, पण लिलावात भाव कुणाचा? एक तुम्हीच विका, दुसरा घरी न्या."

प्रश्न एवढाच, की सोडवल्याशिवाय विकायचं कसं? इचलकरंजीच्या बहिणीची भिशी नुकतीच लागली होती. ती पैसे घेऊन स्वतःच आली, बँकेत माझ्याशेजारी बसून राहिली. पावती झाली, पुडी हातात आली, तशा आम्ही दोघी तिथून थेट गुजरीत, सराफांच्या गल्लीत. तीन दुकानांत भाव विचारला. पहिल्यानं बिलवर दगडावर घासला आणि घट इतकी सांगितली की बहिणीनं तो त्याच्या हातातून काढूनच घेतला. तिसऱ्याकडं मशीनवर शुद्धता दाखवली, काटा आमच्याकडं फिरवला, 86 हजार हातात आले. लाख तो 24 कॅरेटचा भाव, आमचे बिलवर 22 चे, वरून घट. हा हिशोब आधी माहीत असला की दुकानात उभं राहून वाईट वाटत नाही. बहिणीचे 51,300 तिथल्या तिथं मोजून दिले. राहिले 34,700. माहेरचा बिलवर विकला म्हणून आई अजून माझ्याशी नीट बोलत नाही. बोलेल.

सुनावणीला वकीलबाई सोबत होत्या. आम्ही कर्ज नाकारलं नाही, व्याजाचा हिशोब मागितला आणि सामोपचारानं मिटवायची तयारी आहे असं लिहून दिलं. पतसंस्थेच्या व्यवस्थापकांनी पहिल्यांदा 85 हजार सांगितले. माझ्याकडं रोख 30 हजार तयार होते, आणि ते तयार आहेत हे मी आधी बोलले नाही. हे मात्र बाजारात भाजी घेतल्यासारखंच असतं, पिशवी आधी उघडायची नाही. शेवटी 62 हजारांवर आलं, 30 आत्ता आणि 32 वर्षभरात. त्यांना दरमहा सारखा हप्ता पाहिजे होता. मी कॅलेंडरचं पान पुढं केलं. भाडं 4,500, किराणा आणि गॅस 6,000, लाईट 900, मुलीचं कॉलेज आणि पास 1,500, सासूबाईंची औषधं 1,200. उरतात 3,900, त्यातले 1,850 नोव्हेंबरपर्यंत मायक्रोफायनान्सला. म्हणून पहिले चार महिने 2,000 आणि डिसेंबरपासून 3,000. 3,500 म्हटलं असतं तर तिसऱ्या महिन्यात मोडलं असतं. व्यवस्थापकांनी पान दोनदा वाचलं, आणि संचालक मंडळाच्या सभेत तसाच ठराव झाला. ठरावाची सहीशिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय 30 हजार द्यायचे नाहीत, हे वकीलबाईंनी बजावलं होतं. प्रत घेतली, मग दिले.

मायक्रोफायनान्स तसं लहान, पण तिथं हप्ता चुकला तर गटातल्या बायकांवर येतं. म्हणून ते बंद पडू दिलं नाही. त्यांचा एक माणूस दिवेलागणीनंतर दारात यायचा. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमानं मायक्रोफायनान्सच्या वसुलीला सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोनसुद्धा करता येत नाही. मी त्याला हे सांगितलं आणि कंपनीच्या शाखेत लेखी तक्रार दिली. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. तिथवर गेलंच नाही, माणूस बदलला. पतसंस्थेबद्दल मात्र या लोकपालाचा उपयोग नाही, ती सहकार खात्याच्या ताब्यात.

आता टीव्ही. यावर आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलणं झालं. शेवटचा हप्ता डिसेंबर 2019 चा, मूळ बाकी 11 हजार. मधली वर्षं कुणी विचारलं नाही. 2025 ला भलत्याच कंपनीच्या नावानं फोन सुरू, कर्ज आम्ही विकत घेतलंय, 38 हजार झालेत, 9 हजारांत मिटवू. नाहीतर मशीन उचलून नेतो. मग आवाज मऊ करून, "ताई, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा की भरणार आहे म्हणून, फाईल चालू ठेवतो."

मुदतीच्या कायद्यानं पैशाचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. करोनामुळं सुप्रीम कोर्टानं 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ वगळला, तो धरूनसुद्धा आमची मुदत 2024 च्या अखेरीला संपली होती. देणं पुसलं जात नाही, पण दावा लावून वसूल करता येत नाही. मुदत संपायच्या आत सहीनं कबुली दिली किंवा थोडे पैसे नोंदीनं भरले तर तीन वर्षं नव्यानं मोजतात. संपल्यावरसुद्धा "देतो" असं सहीनिशी लिहून दिलं तर त्या नव्या वचनावर दावा लागू शकतो. तो गोड बोलून लिहून मागत होता ते यासाठी. आणि मशीन? कोर्टाचा हुकूमनामा असता तरी दिवाणी संहितेच्या कलम 60 खाली कारागिराची हत्यारं, घरची भांडी, अंथरूण-पांघरूण यांवर जप्ती येत नाही.

मी लगेच विचारलं, मग पतसंस्थेचं 2018 चं कर्जसुद्धा मुदतीबाहेर गेलं असेल की! वकीलबाई हसल्या. सहकार कायद्यात कलम 92 आहे. सभासदाकडच्या येण्याच्या वादात मुदत मोजतात ती सभासद वारल्यापासून किंवा सभासदत्व सुटल्यापासून. मालक अजून सभासद. आमच्या गल्लीत "तीन वर्षं गप्प बसा, सगळं माफ" असं सांगणारे दोघं-तिघं आहेत, त्यांना हे कलम कुणी सांगितलेलं दिसत नाही.

मालकांचं म्हणणं, टीव्ही बघितला ना, मग 11 हजार द्यायचे. माझं म्हणणं वेगळं. मूळ कंपनीला द्यायचं देणं मी मानते, पण 38 हजार हा कुणाचा हिशोब? कर्ज विकत घेतल्याचे कागद आणि खातेउतारा रजिस्टर पत्रानं मागवला, पत्रात "कर्ज मान्य नाही, माहितीसाठी" असं वकीलबाईंनी लिहून दिलं. कागद आले नाहीत. मुलीनं मोबाईलवर क्रेडिट रिपोर्ट काढला, वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात हे खातं राइट-ऑफ, म्हणजे बुडीत धरलेलं, म्हणून दिसतं. आम्हाला आता कुठलं कर्ज काढायचं नाही, त्यामुळं तो शेरा काही काळ राहिला तर राहू दे. पुढं कधी मिटवलं तरी 'सेटल्ड' असा शेरा पडतो, पूर्ण भरल्यासारखा धरत नाहीत, हेही कळलं. हातात कागद येईपर्यंत रुपया द्यायचा नाही, यावर शेवटी मालकही आले. खुशीनं नाही.

राहिलं किराण्याचं. 6,200 रुपये, कागद म्हणाल तर त्यांची लाल वही. कुठलं कलम नाही, मुदत नाही, नोटीस नाही. कायद्याच्या हिशोबानं हे सगळ्यात शेवटी यायचं. मी पतसंस्थेच्या खालोखाल ठेवलं. 2020 च्या मे-जूनमध्ये काका गल्लीतल्या सगळ्यांना उधारीवर तांदूळ-तेल देत होते आणि त्यांचीच बिलं थकली होती. बिलवराच्या पैशातले उरलेले 4,700 त्यांना नेऊन दिले. त्यांनी वही उलटी फिरवून माझ्याकडूनच रक्कम लिहून घेतली. बाकीचे 1,500 दिवाळीच्या शिलाईतून गेले.

मायक्रोफायनान्स नोव्हेंबरला संपलं. पतसंस्थेचा 3,000 चा हप्ता जुलैपर्यंत आहे, प्रत्येक पावती त्याच दिवशी मुलगी फोटो काढून ठेवते, कारण पावतीची शाई वर्षभरात उडते. जुलैला शेवटचा हप्ता भरला की तिथून तीन गोष्टी घ्यायच्यात. बेबाकी दाखला, जामीनदार मोकळे झाल्याचं पत्र आणि मालकांनी कर्ज काढताना भरलेली शेअर्सची रक्कम परत मिळण्याचा अर्ज. शेअर्सचे पैसे मागितल्याशिवाय कुणी देत नाही, असं दीर म्हणतात.