किती महिन्यांचं पॅकेज?

कळवा असो की घणसोली, मुलगा गर्दच्या (म्हणजे ब्राउन शुगर, हेरॉइनच्या) नादी लागला की घरचे व्यसनमुक्ती केंद्राला फोन करून हेच विचारतात. विचारायला हवी ती नोंदणी.

नशेच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्था मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये मानसिक आजारातच धरल्या आहेत. त्यामुळे रुग्ण ठेवून घेणाऱ्या केंद्राला कलम ६५ प्रमाणे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. भिंतीवर फ्रेम केलेलं धर्मादाय आयुक्तांचं प्रमाणपत्र ट्रस्टचं असतं, उपचारांचं नव्हे. तात्पुरती नोंदणी १२ महिन्यांचीच, म्हणून तारीखही वाचा. विनानोंदणी केंद्राला पहिल्या वेळी दंड ५ ते ५० हजार. एवढ्याने कोणी शटर खाली ओढत नाही.

सज्ञान माणूस स्वतःच्या सहीने दाखल होतो (कलम ८६) आणि जातो म्हणाला तर त्याला तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येतं. मर्जीविरुद्ध ठेवायचं तर कलम ८९: मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एका तज्ज्ञाने वेगवेगळं तपासायचं, मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. म्हणजे रात्री गाडी पाठवून उचलायचं आणि वडिलांच्या एका सहीवर सहा महिने कोंडायचं, याला कायद्यात जागा नाही. साखळीला तर नाहीच, जबरदस्तीने टक्कल करण्यालाही नाही.

आता औषध. शेवटच्या पुडीनंतर साधारण ८ ते २४ तासांत टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, लागते: जांभया, वाहणारं नाक, अंगावर काटा, पोटात पिळ, जुलाब. ही लक्षणं नीट दिसल्यावरच बुप्रेनॉर्फिन (गर्दऐवजी द्यायचं, टर्की आणि तलफ शमवणारं औषध) सुरू करतात. घाई केली तर ते गर्दला मेंदूतल्या जागेवरून हुसकावतं, पण स्वतः तेवढं काम करत नाही. टर्की एकदम उसळते आणि पेशंट म्हणतो, औषधच बाधलं. गोळी जिभेखाली विरघळू द्यायची. तोवर पाणी नाही, गप्पा नाहीत. गिळली तर बरंचसं औषध यकृतातच संपतं. नर्सने समोर उभं राहून तोंड उघडून बघायला हवं, कारण गालात दडवलेली गोळी पुढे सुईत जाते. म्हणूनच २ मिलिग्रॅमच्या गोळीत ०.५ मिलिग्रॅम नॅलोक्सोन (टोचून घेतलं तर नशा अडवणारं औषध) मिसळलेली जोडगोळीही मिळते. बुप्रेनॉर्फिन एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं. आलेल्या, दिलेल्या, उरलेल्या गोळ्यांचा रजिस्टरमध्ये मेळ बसला नाही तर गोळ्या बाहेर जातायत असं समजून जा.

सगळ्यात घातक काय, तर नुसतं कोंडून टर्की काढून घेणं आणि औषधाविना घरी धाडणं. शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर पडल्यावर जुन्याच मापाने ओढलं किंवा टोचलं की श्वास बंद पडू शकतो. डिस्चार्ज कार्डावर मात्रा आणि पुढची तारीख नसेल तर तिथेच लिहून मागा.

याच कायद्याखाली रुग्णांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाचा पत्ता आणि फोन केंद्रात दर्शनी लावणं बंधनकारक आहे. तक्रार तिकडे करा. कुठे न्यायचं हेच सुचत नसेल तर १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, आणि ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहेच.